समासातली पेन्सिल

आदिलाबाद, १८ नोव्हेंबर १९५६

सौ. सुभद्रेस अनेक आशीर्वाद,

दिवाळी अंक आणि चकल्या पोचल्या. मी ठणठणीत आहे. राज्य बदललं, कचेरीत कागदांची वाटणी निघाली, म्हणून दिवाळीला येता आलं नाही. जेवणाचे हाल नाहीत.

आपल्या लाडक्या लेखकाची फराळाची गोष्ट आधी काढली. पाहतो तर समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'इथे थांबणे, हसू द्यावे.' अक्षर आमच्या धाकट्या बंधूंचं, म्हणजे तुझ्या गोपाळभावजींचं. दरवर्षी घरात मोठ्याने मी वाचतो, यंदा त्याने वाचलं तर. गोष्टीतल्या सासूचा आवाज त्याला जमला का? तू डोळ्यांना पदर लावलास का?

मी कचेरीतच वाचली. हसू आलंच. शेजारच्या टेबलावरचे उद्धवराव म्हणाले, "काऊन एकटेच हसून राह्यले, वामनराव?" त्यांना वाचून दाखवली, पण ते भलत्याच जागी हसतात.

नांदेडला बदलीचा अर्ज दिला आहे. कारण 'आईची प्रकृती' असं लिहिलं. ती बरी आहे ना? खरं कारण तुला कळलं असेलच.

आईला नमस्कार. गोपाळला आशीर्वाद सांग, आणि त्याची पेन्सिल लपवून ठेव.

तुझा,
वामन