सगळीच भांडी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुझी जबानी घ्यायला बसले आहे. पोलीस पाटलाच्या लेकीला दुसरं काय सुचणार!

साखरखेर्ड्याला बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून बोलपट आला होता, तो आठवतो? खुनाचा. धाकटी सून छळणाऱ्या दिराला दुधातून विष देते, आणि चौकशीला आलेला फौजदार सगळं ओळखून तिचा पेला गुपचूप धुऊन ठेवतो. पुरुषांकडून शिट्ट्या, बायकांच्या बाजूला हुंदके. तू तेवढी कोरडी. माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "येडाच हाय हा फौजदार. एकच पेला धुतला, बाकी सारे खरकटे. असं त कोनीबी पकडन. सारेच धुवाले पायजे होते." मी हसले, आणि हसता हसताच माझ्या अंगावर काटा आला.

कारण काका गेला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी परसात उभी आहे. आत काका ओकून ओकून थकला आहे, कण्हतो आहे. आणि तू राखेनं भांडी घासते आहेस, घरातली सगळी, माळ्यावरची लग्नातली परातसुद्धा. घरात माणूस गेलं की भांडी घासतात, पण काका तर अजून जिवंत होता. "काऊन वं माय, आत्ताच?" मी विचारलं. "हात चालू राह्यले त बरं वाटते," तू वर न पाहता म्हणालीस. दिवस मावळायच्या आत तो गेला. बाबांनी ठाण्यात पटकीची वर्दी दिली, आणि पटकीचं प्रेत म्हणून कोणी जवळ फिरकलं नाही. त्या साली गावात दुसऱ्या कोणालाही पटकी झाली नव्हती. बाबांना हे माहीत नव्हतं? मला बाबांचाच राग जास्त येतो. काकी हाडं मोडेस्तोवर मार खायची, तेव्हा त्यांनी सख्ख्या भावाचा हात कधी धरला नाही, आणि शेवटी एक खोटी वर्दी देऊन मोकळे झाले.

कितीदा मी काकीवरच संशय घेतला. सोसणं तिचं, तेव्हा हातही तिचाच असणार. तू फक्त निस्तरलंस, अशी मी स्वतःची समजूत घातली. गेल्या महिन्यात काकी गेली. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली, "त्या दिवशी तुह्या मायनं मले चुलीपाशी येऊ देलं नाही. म्हने, आज सैपाक मी करतो, तू वावरात जाय, चार बायाईत राय." एवढंच. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

ते तू केलंस का, माय? केलं असशील तर बरं केलंस असं मला वाटतं, आणि तसं वाटलं की माझीच मला भीती वाटते.

हे पत्र मी कुठे टाकणार? टाकायचं नाहीच. फक्त एक सांगते. लग्नानंतर माहेरी आले की "तूही बस ना" म्हणून मी तुला जेवायला जवळ बसवायची, आणि तू घास घेतल्याशिवाय मी ताटाला हात लावत नसे. लेकीची किती माया, असं बाबा म्हणायचे. काही खेपांनंतर मी न सांगताच माझ्या ताटातली भाकर मोडून पहिला घास तू खाऊ लागलीस. आणि तू तो गिळेपर्यंत मी बघत बसायची.