आमच्या घराचं घड्याळ तासभर पुढे

सोमवार, १७ फेब्रुवारी
आजपासून घराची सकाळ माझ्या ताब्यात. गिझलानला मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात नोकरी लागली. कंपनीची बस अंधारातच कोपऱ्यावर येते. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःची कमाई, म्हणून बाईसाहेब हवेत आहेत. रात्री म्हणाली, मुख्तार, पोरं वेळेवर शाळेत गेली तरच माझं हे टिकेल, जमेल ना तुला?
जमेल ना म्हणे! अर्ध्या केनित्रा शहराला गाडी चालवायला मी शिकवलं. दोन पोरं म्हणजे काय!
प्लॅन: दप्तरं रात्रीच भरायची. कपडे रात्रीच काढायचे. सकाळी फक्त चहा आणि हसरे चेहरे.

मंगळवार, १८
प्लॅन पक्का आहे, पोरं कच्ची. झुहैर सात वर्षांचा घोडा, एक मोजा हातात धरून बसल्या बसल्या झोपला. रीम म्हणाली, बाबा, आई आधी मस्मनच्या पोळ्या तव्यावर टाकते आणि मग हाक मारते, वासानेच जाग येते आम्हाला. मी म्हटलं, शिस्तीला वास नसतो.
शाळेच्या फाटकाला कुलूप. शिपाई बा अल्लाल आतून म्हणाला, काय मुख्तारसाहेब, वहिनी आजारी आहेत की काय? आगाऊ माणूस.
शाळेने फोन केला तो गिझलानला! तिला लाइनवरून उठून ऑफिसात जावं लागलं. मुकादमीण म्हणाली, घरचं घरी ठेवून येत जा.
दोष सरकारी वेळेचा. सात वाजताही बाहेर मिट्ट काळोख. अशात कोण उठेल?

रविवार, २३ फेब्रुवारी
सुचलं! रमझानसाठी सरकारने आज घड्याळं तासभर मागे घेतली. मी घेतली नाहीत. भिंतीवरचं नाही, फोनमधलंही नाही. सगळा मुलूख मागे, आमचं घर तासभर पुढे. आता उशीर होईलच कसा?
गिझलान म्हणाली, अरे, चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा तू लवकर ऊठ ना.
दूरदृष्टी बायकांना दिसत नाही.

मंगळवार, २५
घड्याळाप्रमाणे हाक मारली. रीमने एक डोळा उघडून बघितलं, म्हणाली, बाबा, खरी वेळ अजून तासभर मागे आहे. परत झोपली. हिशोबात हुशार आहे पोर, माझ्यावर गेलीय.

गुरुवार, १३ मार्च
आता झुहैरलाही वजाबाकी येते. घड्याळ बघतो, एक तास काढून टाकतो, कूस बदलतो. शाळेत म्हणे गणितात सुधारणा आहे. श्रेय कोणाचं, ते मी बोलून दाखवत नाही.

बुधवार, १९ मार्च
पुन्हा कुलूप. पहाटे रोजाची सहरी खाऊन जरा पडलो होतो. घड्याळ बघितलं, तास वजा केला, आणि चुकून आणखी एक तास वजा केला.
गिझलानला पुन्हा फोन. या वेळी मुकादमीण म्हणाली, तिसऱ्यांदा लाइन सोडलीस तर परत येऊ नकोस. गिझलान भांडली नाही. नुसती म्हणाली, मुख्तार, मला हे काम आवडतं रे.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्यापासून कडक.

रविवार, ६ एप्रिल
रमझान संपला. आज सगळा देश घड्याळं पुढे करत बसलाय. शेजारी खुर्चीवर चढून काटे फिरवताहेत. मी गॅलरीत चहा पितोय. आमचं घर आधीपासूनच पुढे!
निजण्याआधी गिझलान म्हणाली, उद्या रीमचा फ्रेंचचा पेपर आहे. मी म्हटलं, निर्धास्त जा.

सोमवार, ७ एप्रिल
उठलो. घड्याळ बघितलं. सवयीने एक तास वजा केला. रीमने केला. झुहैरनेही केला. तिघं पुन्हा झोपलो.
आज वजा करायचं नव्हतं. आज भिंतीवरचीच वेळ खरी होती.
फाटकाशी पोचलो तेव्हा पेपर संपत आला होता. बा अल्लालने कुलूप काढलं आणि रीमचं दप्तर स्वतः उचलून घेतलं. त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं. रीम पायरीवर बसून रडत होती. शाळेने पुन्हा तिलाच फोन केला होता, गिझलान टॅक्सीने आली, कारखान्याच्या निळ्या कोटातच. बाईंना विनवून तिने पेपर पुन्हा घ्यायला लावला.
अशी चूक कोणाकडूनही होते.

गुरुवार, १० एप्रिल
घरभर मस्मनचा वास. पोरं न बोलावता उठली. झुहैरच्या दोन्ही पायांत मोजे. फाटक उघडायच्या आधी गिझलान आणि दोन्ही पोरं शाळेपाशी. शेवटी माझी शिस्त अंगवळणी पडली. गिझलानला तसं म्हटलंही, की बघ, वेळ लागतो, पण शिस्त लागते. रीम म्हणाली, बाबा, गप्प बसा ना.
निळा कोट धुऊन, घडी करून दाराशी ठेवलाय. परत द्यायचा आहे.
पहाटे कारखान्याची बस कोपऱ्यावर आली तेव्हा मी जागाच होतो. दोनदा हॉर्न वाजला. स्वयंपाकघरात गिझलानचं लाटणं थांबलं. बस गेल्यावर बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झालं.
मी उठलो नाही. आता उठायची गरजच काय?