डॅडींचं मचाण आणि चव्वेचाळीस मॅग्नम

९ ऑगस्ट, शनिवार

रिव्हॉल्व्हर घेतलं. चव्वेचाळीस मॅग्नम, डबल अॅक्शन, साडेसात इंची नळी. दुकानदाराने विचारलं, नवऱ्यासाठी का? नाही म्हटलं. मग भावासाठी? नाही. मग त्याने काडतुसांची पेटी माझ्याकडे सरकवली.

निर्णय तांत्रिक आहे. भावनिक नाही. वस्तुस्थिती अशी: डॅडी मार्चमध्ये गेले. शिकारीच्या कॅम्पवर ओढ्याकाठचं मचाण त्यांचं होतं. कॅम्पचा नियम असा की वारसाला एक हंगाम मिळतो. त्या हंगामात स्वतःच्या गोळीने एक हरीण आणलं तर मचाण त्याचं, नाहीतर दुसऱ्याला. दुसरा म्हणजे डेंटनचा मेहुणा. डेंटन माझा चुलतभाऊ. त्याने ईस्टरच्या जेवणातच सांगितलं होतं, डेल, तुझ्या बापाची रायफल तुझ्याच्याने उचलायची नाही. मी म्हटलं, रायफल कोण घेतंय? मी रिव्हॉल्व्हरने मारणार आहे.

हे आधी ठरलं नव्हतं. पण बोलल्यावर योग्य वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार, दुपार

खडीच्या जुन्या खाणीत चाचणी. पंचवीस यार्डांवर कागदी प्लेट. सहा बार. प्लेटवर एकही भोक नाही. दोनदा तपासली. उलटी करूनही पाहिली.

टोपीच्या पुढच्या कडेवर नळीचा काळा डाग. टोपी सैल आहे. नवी घेणे.

निष्कर्ष: कारखान्यातच नळीवरची नेम धरायची साइट चुकीची बसवली आहे. मी स्वतः एका कारखान्यात मोजमाप विभागात आहे, असे दोष रोज बघते.

२४ ऑगस्ट, रविवार

मूठ बदलली. आधीची लाकडी होती, आता रबराची. संकल्प: रोज जेवणाआधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्याचा सराव. डबल अॅक्शनमध्ये चाप ओढला की घोडा मागे जातो, काडतुसांची फिरकी फिरते आणि बारही होतो. सगळं एकाच हालचालीत. सुंदर यंत्रणा. लोक अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून घेतात, म्हणजे चाप हलका लागतो. मला ते पटत नाही. यंत्रात सोय दिली आहे तर ती वापरायची.

आज सराव झाला नाही. मूठ बसवण्यात वेळ गेला.

६ सप्टेंबर, शनिवार

काडतुसांची कंपनी बदलली. प्रगती आहे. प्लेटवर नाही, पण प्लेट ज्या खोक्यावर लावली होती त्या खोक्यावर भोकं आहेत. सगळी खाली आणि डावीकडे. हे फार समाधानकारक आहे. चूक नेहमी एकाच दिशेला होत असेल तर उपकरण उत्तम आहे, फक्त जुळवणी बाकी आहे.

साइट वर घेतली. आणखी वर घेतली. स्क्रूचे आटे संपले.

२० सप्टेंबर, शनिवार

हॉयट काका खाणीत आले. डॅडींचे थोरले भाऊ, कॅम्पचे अध्यक्ष, डेंटनचे वडील. डेंटनही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

काकांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, माझ्याकडे पाठ करून भरलं आणि परत दिलं. म्हणाले, मार. मी चाप ओढला. नुसता खट्ट आवाज. त्यांनी खऱ्या काडतुसांमध्ये मुद्दाम काही वापरलेली, रिकामी काडतुसं घातली होती. तर बार झालाच नाही, धक्का बसलाच नाही, तरी नळी चांगली वीतभर खाली गेली होती.

डेंटन म्हणाला, मुजरा झाला ना? आता गोळी मार.

काका म्हणाले, पोरी, बार व्हायच्या आधीच तू दचकतेस. डोळे मिटून घेतेस. त्यात काही नाही, सगळे दचकतात. तुझा बाप पहिलं वर्षभर दचकत होता. हलक्या गोळ्या घे, घोडा आधी मागे ओढत जा, सहा महिन्यांत जाईल. नाहीतर यंदापुरती सरळ त्याची रायफल घे.

चाचणीची पद्धत सदोष आहे. वापरलेल्या काडतुसात शिशाची गोळी नसते, त्यामुळे फिरकीचा तोल बिघडतो आणि नळी झुकते. हे मी काकांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, बरं.

रायफलचा विषय मी वाढवला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर काकांकडे जेवण. व्हर्लीन काकूंनी तळलेली भेंडी केली होती. वाढता वाढता म्हणाल्या, अगं, ती रायफल कपाटात गंजून जाईल, त्याने लेकरासारखी जपली होती. मी सांगितलं की कपाटातला दमटपणा मी नियंत्रित करते. ओलावा शोषणाऱ्या पुड्या दर महिन्याच्या एक तारखेला बदलते. काकूंनी विचारलं, मग पुसून ठेवली असशील. मी म्हटलं, पेटी उघडायची गरज पडत नाही.

काकूंनी आणखी भेंडी वाढली. मी मागितली नव्हती.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मोठं यश. दहा यार्डांवरून सहापैकी चार गोळ्या प्लेटला लागल्या. म्हणजे प्रश्न माझ्या नेमाचा नसून अंतराचा होता. उपाय सोपा आहे. हरणाने दहा यार्डांच्या आत यायला हवं.

हरणांच्या सवयींचा अभ्यास सुरू.

८ नोव्हेंबर, शनिवार

हंगाम उघडला. पहाटे डॅडींच्या मचाणावर. नारिंगी जाकीट, नवी टोपी. ओढा समोर, त्याच्या खालच्या अंगाला डेंटनचं मचाण, त्याच्या पलीकडे काकांचं. मचाणाच्या फळीवर कोपराच्या जागी दोन खळगे पडले आहेत. माझं कोपर तिथे पोहोचत नाही. अर्गोनॉमिक्सचा दोष.

हरीण आलं नाही.

दुपारी कॅम्पवर जेवायला चिली, खिमा-राजम्याची. भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले आहेत. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि सगळ्यांसमोर ठोकायचा. डॅडींचे तीन आहेत. एक माझ्या जन्माच्या वर्षीचा, निळ्या चौकड्यांचा. डेंटन म्हणाला, शर्ट छान आहे गं, नवा का? मी म्हटलं, हो, आणि अख्खाच राहणार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

मादी आली. बारा यार्डांवर उभी राहिली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी बार केला नाही. ठरवलेली मर्यादा दहा आहे. मर्यादा सोयीप्रमाणे बदलत गेलं तर मोजमापाला अर्थ राहत नाही.

काकांनी विचारलं, दिसलं का काही? मी म्हटलं, मर्यादेत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घटनाक्रम जसाच्या तसा लिहिते.

नर. शिंगं मोठी. थेट मचाणाखाली आला. आठ यार्ड, कदाचित सात. रिव्हॉल्व्हर उचललं, चाप ओढला. बार झाला. नर मान वर करून बघायला लागला. दुसरा बार. माझ्या आणि त्याच्या मधल्या ओकच्या फांदीचा तुकडा पडला. तो पळाला, ओढ्याच्या खालच्या दिशेने. उरलेले चार बार मी त्या दिशेला केले नाहीत, कारण तिकडे डेंटन आहे. बांधाच्या मातीत केले. का, ते नोंदवण्यासारखं नाही.

मग खालून एकच आवाज आला. डेंटनच्या बंदुकीचा.

कॅम्पवर परतले तेव्हा नर टांगलेला होता आणि काका कात्री घेऊन उभे होते. डेंटनने विचारलं, सहा बार म्हणजे सहा तुकडे का? काका म्हणाले, एका शर्टात सहा बसत नाहीत, एकच घ्या. काकांनी कापला, डेंटनने ठोकला. डॅडींच्या निळ्या तुकड्याशेजारी. जागा दुसरीकडेही होती.

कानात अजून शिट्टी वाजते. कापसाचे बोळे खिशातच राहिले होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मादी. तीन बार. ओढ्याच्या खाली पळाली. काकांना मिळाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आणखी एक नर. चार बार. डेंटनचा मेहुणा पाहुणा म्हणून आला होता, त्याला मिळाला. त्याने येऊन माझा हात हातात घेऊन हलवला. विचित्र माणूस आहे.

शर्ट आता कमरेच्या वर आला आहे. कॅम्पचा फ्रीझर भरला. यंदा सगळ्यांचं नशीब चांगलं आहे. माझी जागा मात्र फांद्यांमुळे अवघड आहे.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

काकांकडे टर्की. जेवणानंतर काकांनी मला अंगणात नेलं. म्हणाले, डेल, शेवटचा शनिवार आला. तुझ्या बापाची रायफल घेऊन ये, लांबून एक मार आणि विषय संपव. डेंटनचं तोंड मी बंद करतो. तो मेहुणा तिथे बसलेला मलाही बघवायचं नाही.

मी म्हटलं, विचार करते.

घरी आले. कपाटातून पेटी काढली. उघडली नाही. कडी जाम आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुरुस्ती: कडीला तेल घातलं. कडी जाम नव्हती.

पेटी परत कपाटात. पुड्या बदलल्या, एक तारखेला अजून अवकाश असला तरी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटची संधी. रिव्हॉल्व्हर घेऊन गेले. काकांनी गाडीत डोकावून पाहिलं, रायफल नाही हे पाहिलं, आणि मला कॉफी दिली.

मादी, नऊ यार्ड. फक्त आजच्यापुरतं अंगठ्याने घोडा मागे ओढायचं ठरवलं होतं. ऐन वेळी विसरले. सहा बार. ओढ्याच्या खालून दोन आवाज. बापलेक दोघांनाही मिळालं, कारण मागून दुसरी एक पळत होती, जी मी पाहिलीच नव्हती.

हंगाम संपला. माझ्या नावावर शून्य.

७ डिसेंबर, रविवार

कॅम्पची सभा. काकूंनी पिकान पाय, तो सुक्या मेव्याचा गोड पदार्थ, पाठवला होता. मी तयारी करून गेले होते: नेमातील त्रुटींचं विश्लेषण, आलेखासह. मचाण जाणार हे नियमाने स्पष्ट होतं, तरी पुढच्या वारसांना उपयोग व्हावा.

विश्लेषण वाचायची वेळ आली नाही. डेंटन स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, ओढ्यावरचं मचाण डेलकडेच राहावं असा माझा ठराव आहे. सगळ्यांनी हात वर केले. मेहुण्याने दोन्ही. मी नियमाची आठवण करून दिली. काका म्हणाले, नियम आम्हीच केलाय, गप्प बस.

अट एकच. रायफल आणायची नाही. हेच रिव्हॉल्व्हर, याच पद्धतीने, फिरकी पूर्ण भरलेली. घोडा अंगठ्याने ओढायलाही मनाई. डबल अॅक्शनची निवड योग्य होती हे शेवटी त्यांनाही मान्य झालं. डेंटनने तर विचारलं, आठ गोळ्यांचं मिळतं का गं?

रायफल आणायची नाही, हे मला दोनदा विचारून घ्यावंसं वाटलं. काका म्हणाले, ती राहू दे त्याच्या पेटीत. तुला वाटेल तेव्हा उघड.

मग सगळे काकूंच्या पिकान पायवर तुटून पडले आणि काका आनंदात सगळ्यांना सांगत बसले की पूर्वी वरच्या जंगलातून हरणं आपल्या मचाणांकडे हाकायला चार कुत्री होती, काय दिवस होते ते, आणि आपल्या भागात शिकारी कुत्र्यांवर बंदी आल्यापासून असा हंगाम यंदाच झाला.

ती कुत्री आणि माझे सहा बार, या दोन गोष्टींचा संबंध मला कळला. नोंद करत नाही.