पोवळ्याची वाटी आणि खोडलेलं कलम

मी, पारस आदगोंडा मगदूम, वय सत्तावीस, राहणार विश्रामबाग, सांगली, धंदा... (इथं काय भरायचं यावर वकील संयोगिताताईंची आणि माझी पंधरा मिनिटं गेली. आयटीआय अर्धवट, कुपवाडच्या कारखान्यात सात महिने, मिरजेत तंबोऱ्याच्या दुकानात चार महिने, मग कोचीत शोभेच्या माशांच्या आणि प्रवाळाच्या दुकानात, मग गोव्यात बोटीवर. शेवटी "प्रवाळ वाढवणे" असं लिहा म्हणालो) ...हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वखुशीनं आणि स्वतःच्या हातानं लिहितो. अक्षर असंच आहे, त्यावरून कुणी शंका काढू नये.

सत्तावीस वर्षांचा माणूस मृत्युपत्र कशाला लिहितो, तर आईमुळं. आईचं यकृत निकामी होत आलंय. (आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी दारू बघितलेली नाही, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण नाक वर करून तेच विचारतो.) येत्या गुरुवारी पुण्याला माझ्या यकृताचा भाग कापून आईला बसवायचा आहे. डॉक्टर म्हणाले, माझ्यात राहील तेवढं वाढून काही महिन्यांत भरून येतं, आईकडचंही वाढतं. मी म्हणालो, "हे मी माझ्या टाकीत रोज बघतो." ते हसले नाहीत.

माझ्या सगळ्या सह्या झाल्यात. आईची व्हायची आहे. ती म्हणते, "एकाला कापून दुसऱ्याला जगवायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." आठ दिवस समजावलं. परवा एवढंच म्हणाली, "तुझं काय बरंवाईट झालं तर त्या टाकीतल्या जिवांचं कोण बघणार? आधी ते लिहून काढ. मग माझ्या सहीचं बघू." म्हणून लिहितोय.

कलम १. घर, जमीन माझ्या नावावर नाही. बँकेत जे निघेल ते टाकीच्या मिठासाठी वापरावं.

कलम २. चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, दिवे, पंप, त्यातले दगड, दोन जोकर मासे आणि सगळं प्रवाळ मी माझा मित्र सूरज बिराप्पा कोळेकर याला देतो. कायद्यानं बंदी असलेलं कठीण प्रवाळ माझ्याकडं नाही, कधी नव्हतं. सगळं मऊ जातीचं, आणि बरंचसं याच टाकीत कापून वाढवलेलं. सूरज जतकडचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, तो आता कुपवाडात लेथ चालवतो. टाकी पहिल्यांदा बघितली तेव्हा अर्धा तास काचेसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "गड्या, ही तर मेंढरंच की रं. एका जागी बसून चरत्यात." तेव्हाच ठरवलं, माझ्यामागं हाच.

सूरज, नीट वाच. पाणी उडून कमी होतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची, खाऱ्या नाही. तुकडा चिकटवताना दगडाची जागा आधी जुन्या ब्रशानं घासून घे, शेवाळावर काही धरत नाही. तुकड्याचं बूड कागदानं टिपून कोरडं कर, जेलीसारखा घट्ट सुपरग्लू वाटाण्याएवढा लाव, पाण्यात नेऊन दगडावर दाब आणि किंचित गोल फिरव. तीसपर्यंत मोज. मग हात काढ. पंपाचा झोत थेट त्याच्यावर नको. आणि बटणांसारखे पुंजके असतात ते झोआ, ते कापताना हातमोजे आणि चष्मा, कितीही घाई असली तरी. त्यात विष असतं. मी एकदा तसाच कापायला बसलो आणि पुढचे दोन दिवस मला चंद्रही दुहेरी दिसत होता.

कलम ३. हत्यारं. कात्री, चिमटे, पाती, खारेपणा मोजायचं यंत्र सूरजला. लाकडी मुठीची बारीक कानस मात्र मिरजेच्या तंबोरेवाल्या दादासो शिकलगारांना परत करावी. ती त्यांचीच आहे. मी त्यांच्या दुकानातून न सांगता गेलो तेव्हा ती माझ्या पिशवीत गेली. हे चुकून झालं असं मी पाच वर्षं सांगत आलोय, मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात, तर चुकून नव्हतं. भोपळ्याला लाकडी गळा बसवताना मी दर दहा मिनिटांनी सांधा हलवून बघायचो, धरला का म्हणून. दादासो ओरडायचे, "आरं, हात काढ! तू बघतोस म्हणून धरत न्हाई त्यो!" हे मला तेव्हा कळलं नाही. कोचीत कळायला पाहिजे होतं, तिथंही कळलं नाही. त्याचं पुढं येतंय.

कलम ४. थोरले बंधू जिनेंद्र यांना मी माझी मोटारसायकल, इन्व्हर्टर आणि एक जुना राग देतो. सगळ्यांनी बाहुबलीच्या तीर्थाला तीन दिवस जायचं ठरलं. दादाची सवय, घर बंद करताना मेन स्विच पाडायचा. पाडला. परत आलो तेव्हा टाकीचं पाणी दुधासारखं पांढरं आणि वास जिन्यापर्यंत. दोन वर्षांचं प्रवाळ गेलं. जगला फक्त एक दगड, त्यावर मशरूम जातीची तीन पोवळी, अळंबीसारखी चपटी, निळसर. मी दादाला नको ते बोललो. तोही बोलला, "तू तरी कुठं एका जागी टिकतोस?" त्यानंतर आम्ही वर्षभर आईमार्फत बोलत होतो. पण यकृताची तपासणी करून घ्यायला पहिला तोच गेला. त्याचं चाललं नाही, चरबी निघाली. रिपोर्ट घेऊन तो पार्किंगमध्ये बसून रडला आणि मला म्हणाला, "मेन स्विच मी पाडला नसता तर बरं झालं असतं रं." कशाचा कशाला संबंध. पण माझा राग तिथंच गेला, म्हणून आता देण्यापुरता उरलेला नाही. इन्व्हर्टर आणि गाडी घ्यावी.

कलम ५. आई, श्रीमती चंदनबाला आदगोंडा मगदूम, हिला मी काचेची एक वाटी, तिच्यातला खडा आणि खड्यावरचं पोवळं देतो. हे सविस्तर लिहिणं भाग आहे.

त्या उरलेल्या तीन पोवळ्यांपैकी एक मी कापलं, तिनाची चार व्हावीत म्हणून. आई मागं उभी. "जिवंत हाय न्हवं ते? मग कापतोस कसा?" मी सांगितलं, याला वाढवायची हीच रीत. तुकडे सुपरग्लूनं चिकटवले. मशरूमला बुळबुळीत लाळ सुटते, ग्लू सुटून एक तुकडा तरंगायला लागला. परत चिकटवला. परत सुटला. चार वेळा. याची वेगळी युक्ती कोचीचा दुकानदार ज्या आठवड्यात शिकवणार होता, त्याच्या आदल्याच आठवड्यात मी तिथून गोव्याला सटकलो होतो. मी चिमटा फेकला आणि घराबाहेर पडलो. कवठेमहांकाळपर्यंत उगाच गाडी मारली. वाटेत एका माणसाची शेळी विहिरीत पडली होती ती काढण्यात दुपार गेली, पण ते असो.

आम्ही जैन. आमच्या घरी पाणी फडक्यातून गाळूनच पितात, आणि फडक्यात राहिलेलं पुन्हा त्याच पाण्यात सोडतात, जिथला जीव तिथं जावा म्हणून. मी नसताना आईनं तरंगणारा तुकडा त्याच रीतीनं उचलला. पंपात जाऊन मरेल म्हणून काचेच्या वाटीत घातला, त्याला एकटं वाटू नये म्हणून टाकीतले चार खडे घातले, वर गाळायचं फडकं बांधलं आणि वाटी टाकीच्या कोपऱ्यात, शांत पाण्यात ठेवली. मी आल्यावर ओरडलो, "आई, याला असं ठेवत नाहीत!" ती म्हणाली, "तू ठेवून बघितलंस की चारदा. आता आठ दिवस हात लावू नकोस. माझी शपथ."

नवव्या दिवशी फडकं सोडलं. पोवळ्यानं आपणहून खडा धरला होता. वाटी हलवली तरी सुटेना. मी कोचीला फोन लावला. दुकानदार म्हणाला, मशरूमची रीत तीच, फक्त तो जाळीचं कापड वापरतो. कुणाकडून शिकलास? म्हणालो, आईकडून. आज त्या एकाची सात झालीत आणि मी या गावात सलग तीन वर्षं आहे. एवढा मी कुठं राहिलेलो नाही.

म्हणून वाटी आईची.

वरचं सगळं आज सकाळी संयोगिताताईंनी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. आई, दादासो, सूरज हजर होते. दादासोंनी कानस खिशात घातली, म्हणाले, "मरायची वाट कशाला बघायची." संयोगिताताई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार न झालेलं बरं. सूरज बाद. दादासोंना त्यांचीच वस्तू मिळाली, ते चालतात. दुसरं कोण? शेजारच्या बनुबाईंना हाक मारू का, असं मी विचारत होतो तेवढ्यात आई म्हणाली, "पाचवं कलम खोड."

"का गं?"

"मला सही करायचीय."

"आई, वाटी तुझीच..."

"वाटी टाकीत राहू दे. सूरज बघंल. तुझ्याकडनं काय घ्यायचं ते मी पुण्यात घेते. दोन-दोन कशाला?"

सूरजनं उगाच टाकीकडं बघितलं. मग आईनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाली, "तो दवाखान्याचा कागद पण आण. शाई वाळायच्या आत दोन्ही करते. आणि सही झाल्यावर सारखं येऊन विचारू नकोस, भीती वाटतीय का म्हणून."

कलम ५ खोडले आहे. खोडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे. बाकी कलमं कायम. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. पुण्याहून आलो की हेही फाडावं म्हणतो, पण संयोगिताताई म्हणतात राहू दे, चार ओळी बऱ्या आहेत.

लिहून देणार: पारस आदगोंडा मगदूम (सही)

आमच्यासमोर पारसनं सही केली व त्याच्यासमोर आम्ही केली:
१. दादासो शिकलगार, मिरज (सही)
२. श्रीमती चंदनबाला आदगोंडा मगदूम, विश्रामबाग (सही)

स्थळ: विश्रामबाग, सांगली. रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५.