सहृदयाला इंग्रजीत काय म्हणतात?

सर, तुमचा विषय यंदा बंद पडणार होता. जूनमध्ये मी निवृत्त झाले, आणि अकोल्याच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी एम.ए.च्या मुलांना भारतीय काव्यशास्त्र आणि भाषांतर शिकवायला दुसरं कुणी तयार नव्हतं. विभागप्रमुखांनी सरळ सांगितलं, "मॅडम, शिकवणारं कोणी देऊन जा, नाही तर त्या जागी दुसरा पेपर घेऊ. पोरांनाही सोपं जाईल." इतकी वर्षं हा पेपर मी तुमच्या भरवशावर चालवला. तुम्हाला जाऊन केवढा काळ लोटला, तरी वर्गात शिरताना मी मनातल्या मनात तुमची परवानगी घ्यायची. त्यामुळे तो आता माझ्याबरोबरच संपणार म्हटल्यावर, दुसऱ्याच्या घराची सांभाळायला दिलेली किल्ली हरवावी तसं मला झालं.

तुमचं अमरावतीचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण तिथेच जमायचो, कारण पुढच्या खोलीत तुमच्या मुलांचा अभ्यास चालायचा. काकू पातोड्यांचा रस्सा करतायत, तुम्ही खाली मांडी घालून कांदा चिरताय, आणि आम्ही रस म्हणजे काय ते लिहून घेतोय. मी सिस्टरांच्या शाळेतली. विचार इंग्रजीत करायचा आणि बोलताना त्याचं मराठी करायचं, ही माझी सवय तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलीत आणि माझं नावच 'कॉन्व्हेंट' ठेवलंत. पहिल्या निबंधात मी नऊ रसांसमोर नऊ इंग्रजी शब्द लिहून आणले होते. करुणसमोर पिटी, बीभत्ससमोर डिसगस्ट. सुंदर अक्षर, पट्टीनं ओढलेल्या रेघा. शाबासकीच मिळणार याची मला खात्री होती. तुम्ही तो कागद कांद्याच्या सालींशेजारी ठेवलात आणि डोळे पुसत म्हणालात, "कॉन्व्हेंट, घरात मयत झाली तं मानूस रडते. नाटक पाहूनही रडते. पन नाटकाहून घरी येता येता म्हन्ते, लय झकास झालं, उद्या पुन्हा पाहू. घरच्या मयतीले असं म्हन्ते का कोनी?"

"नाही सर."

"मंग दोन्ही रडन्याले तू एकच शब्द कावून लावला?"

काकू चुलीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "तिले पहिले जेवू द्या. उपाशी पोरीले काय रस समजते?"

तेव्हापासून तुमचा नियम सुरू झाला. काव्यशास्त्रातल्या कुठल्याही शब्दाचं भाषांतर करायचं, तर आधी त्या शब्दासाठी घरातला एक प्रसंग आणायचा. प्रसंग पटला तरच पेन उघडायचं. बाकीची मुलं शेतातले, बाजारातले, भाऊबंदकीतले प्रसंग आणत आणि तुम्ही पोट धरून हसायचात. मी मात्र दर रविवारी एखाद्या इंग्रजी कादंबरीतला प्रसंग आणत असे. "हे उसनं झालं," तुम्ही म्हणायचात. "घरचं आन. तुमच्या घरी कोनी रडत नाही का वं?" मला राग यायचा. आमच्या घरी खरंच कुणी रडत नसे. मग एका रविवारी मी बडनेरा स्टेशनचा प्रसंग सांगितला. ताई लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाली होती. लग्नात बाबांच्या डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. ती गाडीत बसल्यावर ते तिला पुन्हा पुन्हा एवढंच विचारत राहिले, पाण्याची बाटली भरली का. गाडी गेली. बाबांनी स्टॉलवर सवयीनं दोन चहा सांगितले. घरात त्यांच्याबरोबर चहा घ्यायची ती फक्त ताई. दोन्ही हातांत दोन कप धरून ते तसेच उभे राहिले, आणि कधीच चहा न पिणारी मी त्यातला एक कप घेतला.

तुमची विळी थांबली. तुम्ही विचारलंत, "आता याले इंग्रजीत काय म्हनशीन?"

"नाही सांगता येत, सर."

"हां! आता झाली तू भाषांतर कराले लायक."

त्या दिवशी मी सायकलवरून घरी गाणं म्हणत गेले होते.

पुढे अकोल्याला मला नोकरी लागली आणि हाच विषय गळ्यात पडला, तेव्हा मी तुमच्याकडे धावत आले होते. मला संस्कृत येत नाही, मी इंग्रजी शाळेतली, मुलं काय म्हणतील. तुम्ही पहिल्यांदाच तुमचं सांगितलंत. चांदूर बाजारच्या बौद्ध वस्तीतलं घर, आणि त्या घरात संस्कृतचं पुस्तक आणणारे तुम्ही पहिले. बाहेरचे टोमणे मारत, "तुले काय करा लागते हे?" घरचेही विचारत, "ज्याईनं आपल्याले शिकू नाही देल्लं, त्याईचं कावून शिकतं?" तुम्ही दोघांनाही एकच उत्तर दिलंत. "दुकान उघडं हाय. सौदा पाहाले काय जाते? पसंत पडलं तं घेऊ, खोटं निघालं तं तोंडावर सांगू." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "मीही मागच्या दारानंच आत आलो, पोरी. तू दारात उभी राहून आत येऊ का म्हनून इचारू नको."

एक शब्द मात्र तुम्हालाही शेवटपर्यंत हरवत राहिला. सहृदय. कविता ऐकताना ज्याचं काळीज कवीच्या काळजाशी जुळतं तो ऐकणारा. तो नसेल तर कविता पुरी होतच नाही, असं आपले जुने लोक सांगतात. आम्ही दरवर्षी नवे इंग्रजी शब्द आणायचो. रसिक वाचक, आदर्श वाचक, जाणकार वाचक, या सगळ्यांची इंग्रजी रूपं. तुम्ही प्रत्येकाला नकारार्थी मान हलवायचात. "हे सारे बसलेले लोक हायेत. सहृदय नुसता बसलेला नसते. तो काईतरी करते." काय करतो, ते तुम्हालाही सांगता येत नव्हतं. मला तर नाहीच.

तर यंदा मे महिन्यात मी आमच्या विभागातल्या सगळ्यांत नव्या बाईंना गाठलं. बाळापूरची मुलगी. शाळा उर्दूतून, पुढचं शिक्षण इंग्रजीतून, वडिलांचं सतरंज्यांचं दुकान. स्टाफरूममध्ये कूलर घरघरतोय, आणि ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघतेय.

"मॅडम, मजाक करून राहिल्या का? मला विभाव-अनुभाव धड म्हणता येत नाही. पोरं हसतील."

"हसू दे. हास्य हासुद्धा रसच आहे."

"आणि लोक? हिला काय करायचं संस्कृत, असं म्हणणार नाहीत?"

मी तिला तुमचं ते दुकानाचं उत्तर सांगितलं. ती हसली, पण हो म्हणाली नाही. मग मी तिच्यासमोर तुमचा नियम ठेवला. सहृदय शब्दाचा अर्थ समजावला आणि म्हटलं, घरचा प्रसंग आण, नाही सापडला तर मी तुझा नाद सोडते. तिला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही.

"मॅडम, अब्बा मला लहानपणी मुशायऱ्याला न्यायचे. मी झोपायला लागले की कोपर मारायचे. म्हणायचे, मिसरा उठाओ बेटा, खाली बैठने नहीं आए." मला कळलं नाही. ती सांगू लागली. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. तेव्हा समोरच्यांनी ती ओळ एका आवाजात उचलायची, पुन्हा म्हणायची आणि त्याच्या हातात परत द्यायची. मगच तो दुसरी ओळ देतो. लोक थंड बसले तर चांगला शेरही जागीच मरतो. "आमच्यात ऐकणाऱ्यालाही काम असतं," ती म्हणाली. "तुमचा तो सहृदय, तो हाच ना?"

सर, मी तिच्याकडे बघतच राहिले. तुमचा इतक्या वर्षांचा अडलेला शब्द, आणि तो मोकळा झाला बाळापूरच्या सतरंजीवाल्यांच्या कोपरानं. त्या क्षणी तुम्ही समोर हवे होतात. मला कशाचं आश्चर्य वाटतंय तेच तिला कळेना. "बरोबर नाही का?" तिनं घाबरून विचारलं. मी म्हटलं, "बाई, जूनमध्ये अर्ज भर आणि हा पेपर घे. मला आणखी काही बोलायला लावू नको."

तिनं घेतला. जुलैत तिच्या पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाली, "तिनं दार लावलं, पण कडी लावली नाही." आणि थांबली. मुलांनी मान खाली घालून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. "अरे, लिहिता काय? उचला!" ती ओरडली. दोन-तीन वेळा चुकून मग वर्गानं ओळ उचलली, आणि खिडकीजवळच्या एका मुलीनं मधेच दुसरी ओळ ठोकून दिली, "कुत्रं आत आलं अन् भाकर घेऊन गेलं!" सारा वर्ग खदखदून हसला. दुसरी बाई असती तर रागावली असती. ही म्हणाली, "वाह! आता सांगा, हिच्या ओळीनं माझ्या ओळीचं काय केलं?" पुढचा सगळा तास मुलं त्या एका लावलेल्या दारावर भांडत होती. कुणी करुण म्हणे, कुणी शृंगार, कुणी कुत्र्याची बाजू घेई.

तास संपल्यावर माझ्याजवळ बसलेली मुलगी, जिला एम.ए.च्या पहिल्या वर्षी मीच शिकवलं होतं, उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, सहृदय म्हणजे काय ते आज समजलं."

मी तिची पाठ थोपटली. विषय टिकला, आणि चांगल्या हातांत गेला. तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही हातांपेक्षा बहुधा चांगल्या. हे सगळं तुम्हाला कळवायचं म्हणून लिहायला बसले. पण सर, हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही तेच बरं, म्हणजे पुढचं वाक्य लिहिता येतं. मी त्या दिवशी तिला धीर द्यायला गेले होते, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती एखाद्या शब्दाला थोडी अडखळेल आणि मदतीसाठी शेवटच्या बाकाकडे बघेल, अशी मला आशा होती. तिनं एकदाही पाहिलं नाही.