गच्चीवर उतरलेला ओझोन

२७ मार्च २००६, सोमवार. अकोला.
साजिद धारणीहून परतला. आमच्या कॉलेजात भूगोल शिकवतो आणि उरलेला वेळ हिंडतो. मेळघाटच्या जंगलात त्याने कागदी पट्ट्या टांगल्या होत्या, त्या निळ्या झाल्या. पट्टी निळी म्हणजे हवेत ओझोन. म्हणे तिथे ना कारखाना, ना मोटारींचा धूर, तरी ओझोन भरपूर. झाडं उन्हात वाफा सोडतात, मोहाच्या दिवसांत वणवे लागतात, विजा पडतात, आणि या सगळ्यातून निसर्गच ओझोन तयार करतो. स्टाफरूम आ वासून ऐकत होती. मी शब्दकोडं सोडवत होतो. एकही शब्द सुटला नाही.

मुळात त्या पट्ट्या स्टार्च आणि आयोडाइडच्या. म्हणजे केमिस्ट्री. म्हणजे माझा विषय! भूगोलवाल्याला परवानगी कोणी दिली?

त्यात मोनाली, माझी एकुलती एक मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, त्याच्या पट्ट्या तपासायला मदत करते. रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आणि साजिद सर जास्त. तिने एम.एस्सी. माझ्या विषयात करावी, एवढंच माझं मागणं आहे.

संकल्प : स्वतःचं संशोधन. उद्यापासून.

४ एप्रिल, मंगळवार.
आजपासून. मधले दिवस तयारीत गेले.

सकाळी नळ. आमच्या भागात तो फक्त मंगळवारी येतो. जमुनाने गच्चीवरची टाकी भरून घेतली, नेहमीची पावडर टाकली आणि मला खाली बादल्या उचलायला लावल्या. शास्त्रज्ञाच्या पत्नीला हे शोभत नाही. नंतर टाकीला पट्टी बांधली, कारण गच्चीवर सावली तेवढीच.

संध्याकाळ : पट्टी गडद निळी! साजिदची फिकट आकाशी होती. माझी म्हणजे दौतीतली शाई.

९ एप्रिल.
मधले सगळे दिवस पट्टी पांढरी. उन्हाचा दोष. साजिदला सांगितलेलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार.
पुन्हा शाई! वीज नाही, वणवा नाही, झाड म्हणाल तर कुंडीतली तुळस. उरलं एकच कारण : आकाशाच्या वरच्या थरातला ओझोन खाली उतरतो. पुस्तकात आहे. मोठ्या डोंगरांवर कधीमधी उतरतो म्हणे. आमच्या गच्चीवर दर मंगळवारी.

मोनाली म्हणाली, "बाबा, वरच्या हवेले मंगळवार हाय हे कसं समजते?"
निसर्गाला शिस्त असते, म्हटलं. तुझ्या सरांना नसते.

१८ एप्रिल, मंगळवार.
मोनाली म्हणाली, पट्टी टाकीपासून दूर लावा. हे साजिदने पढवून पाठवलेलं. जळतो माझ्यावर. मुद्दाम टाकीच्या झाकणालाच बांधली. आजवरचा सर्वांत गडद रंग!

२१ एप्रिल.
अमरावतीच्या परिसंवादात माझा निबंध मंजूर. साजिदचाही, पण माझा आधी आहे. पेपरवाल्याला फोन केला. म्हणाला, सध्या शेतकऱ्यांच्या पॅकेजच्या बातम्यांनाच जागा पुरत नाही. सेमिनारनंतर तोच फोन करील.

२६ एप्रिल.
साजिद स्टाफरूममध्ये स्वतः चहा घेऊन आला. हळूच म्हणाला, "सर, एकदा पट्टी खाली अंगणात लावून पाहा ना जी." किती घाबरलाय! चहा प्यायलो. साखर बरोबर होती, हेही खटकलं.

६ मे, शनिवार. अमरावती–अकोला बस.
अक्षर हलतंय. रस्ता खराब आहे.

निबंध उत्तम वाचला. मोनाली तिसऱ्या रांगेत होती. मग साजिद उठला आणि अदबीने म्हणाला, "सर, तुमच्याकडे नळ कोन्या दिवशी येते जी?"
म्हटलं, मंगळवारी.
"अन् टाकीत ब्लीचिंग पावडर?"
"त्याच दिवशी," म्हणालो. आणि म्हणता म्हणता कळलं. पावडरीतल्या क्लोरीननेही पट्टी तशीच निळी होते. हे मी दरवर्षी सेकंड इयरला शिकवतो.

सभागृह आधी खोकलं. मग खो खो हसलं.

परत येताना मी साजिदला यथेच्छ शिव्या घालत होतो. भर सभेत असं विचारतात? त्यावर मोनाली म्हणाली, "सर तं नाहीच म्हणत होते. मीच त्यायले विचारा म्हटलं. माझं तुमी आयकून नाही राहिले होते. अन् तो निबंध तुमच्या नावानं छापून आला असता तं?" मग खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे पुसत होती.

म्हणजे साजिदवर चिडायचीही सोय राहिली नाही. तरीही चिडतो आहे. माझ्या पोरीने मला वाचवायलासुद्धा त्यालाच गाठलं.

मूर्तिजापूर आलं तेव्हा तिने एम.एस्सी.चं सांगितलं. केमिस्ट्रीच घेणार आहे. मला एवढा आनंद झाला, की दोघांसाठी भजी घेतली.

पण अकोल्यात नाही, अमरावतीला घेणार. अकोल्यात सगळे तिला गावंडे सरांची पोरगी म्हणून ओळखतात. अमरावतीला गावंडे सरांना कोणी ओळखत नाही, म्हणाली.

सकाळपर्यंत ओळखत नव्हतं.