बेल्टचा काटा वर्षातून एकदाच

४ ऑगस्ट, सोमवार
दगडाची गिट्टी करायच्या आमच्या क्रशरवर नवी क्वालिटी इंजिनियर रुजू. ममता मुनेश्वर. आल्याआल्या विचारते, बेल्टवरचा वजनकाटा शेवटचा कधी कॅलिब्रेट केला? म्हटले, गेल्या दसऱ्याला. यंत्रांची पूजा वर्षातून एकदा, कॅलिब्रेशन त्याच दिवशी. एका नारळात दोन्ही. ती म्हणे, सर, आपल्याकडे अख्खा ट्रक तोलायचा धर्मकाटा नाही, ट्रक याच काट्याच्या भरवशावर भरतो. दर आठवड्याला रिकामा बेल्ट चालवून काटा शून्य दाखवतो का, ते तरी पाहू. पुस्तकी पोरगी! बेल्टवरून गिट्टी धावते, सोने नाही. प्लांट इनचार्ज मी आहे, उत्तमसिंग राठोड.
निर्णय : वर्षातून एकदाच.

७ ऑगस्ट
मालक रूपसिंगशेठ मॅनेजर नेमणार म्हणतात. लायक माणूस एकच. नाव लिहायची गरज नाही.
संकल्प : रोज सकाळी बेल्टखालून स्वतः फेरी.

८ ऑगस्ट
चिखल. फेरी रद्द. इनचार्जने वाकून फिरणे शोभत नाही.

१३ ऑगस्ट
भावसिंग कुरकुरला. पुष्पाचा, म्हणजे बायकोचा, भाऊ. माझ्याच शिफारशीने इथे ट्रकवर लागला. म्हणे, भाऊजी, गाडी लय जड लागून राह्यली. त्याला समजावले : काटा खोटे बोलत नाही, ड्रायव्हर बोलतात. गाडी घेऊन गेला. माणसे हाताळणे ही कला आहे.

१९ ऑगस्ट
राळेगावच्या वाटेवर भावसिंगच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी नाल्यात कलंडली. उजव्या हाताचे हाड मोडले. कारण उघड आहे : ड्रायव्हिंग.
संध्याकाळी समजले, त्याच्या जोडीच्या ट्रकची गिट्टी ममताने बाहेर धर्मकाट्यावर मोजली. आपल्या काट्यापेक्षा बरीच जास्त भरली. धर्मकाटा जुना असणार.

२० ऑगस्ट
दवाखान्यात गेलो. भावसिंग म्हणे, बाकीचे ड्रायव्हर गाड्या धर्मकाट्यावर नेऊन पाहू म्हणत होते, मीच अडवलं. म्हटलं, काट्यावर आमचे भाऊजी हायेत, कायले चिंता करता?
केळी ठेवून निघालो. रात्री जेवण गेले नाही. भाजी खारट होती. पुष्पाला सांगणार होतो, पण ती बोलत नाही.

२१ ऑगस्ट
निर्णय बदललेला नाही, सुधारला आहे. कॅलिब्रेशन आता दिवसातून तीनदा, चहाबरोबर. ममता म्हणे, सर, काटा कमी काहून दाखवते ते आधी शोधू, नुसता आकडा फिरवून काय होते? मी हसलो. वजने टांगली, आकडा फिरवला, जुळला. एवढ्यासाठी लोक डिप्लोमा करतात!

२३ ऑगस्ट
दिवसातून एकदा पुरे. चहा गार होतो.

२५ ऑगस्ट
काटा उत्तम. कॅलिब्रेशन तूर्त स्थगित.

२९ ऑगस्ट
उमरखेडच्या रस्ता ठेकेदाराचा फोन. ट्रक कमी भरून येऊन राह्यले, बाकीची गिट्टी तुम्ही खाल्ली का? गिट्टी कोणी खाते? अडाणी.
ममता बेल्टखाली शिरली. काट्याच्या चौकटीखाली पडलेला एक दगड उचलून आणला, एका बाजूने घासून चकचकीत झालेला. तिचे म्हणणे असे : हा दगड चौकटीत अडकला होता, म्हणून काटा वजन कमी दाखवायचा आणि ट्रक जास्त भरायचे. मी दगड तसाच ठेवून आकडा जुळवला. नंतर दगड आपोआप निसटला. आता काटा जास्त दाखवतो आणि ट्रक कमी भरतात.
म्हणजे दगडाची चूक. मी तेच म्हणत होतो. तिने तो शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. चुगलखोर!

१ सप्टेंबर, सोमवार
शेठने दोघांना बोलावले. विचारले, काटा किती दिवसांनी तपासायचा? मी भाषण तयार केले होते. अनुभवापर्यंत आलो, तेवढ्यात त्यांनी ममताकडे पाहिले. ती म्हणे, दर सोमवारी शून्य, महिन्यातून एकदा वजने. फरक येत राह्यला तर मुदत कमी करू, नाही आला तर वाढवू. शेठ म्हणाले, ठीक.
मग मला म्हणाले, राठोड, तुमची रविवारची सुट्टी आता सोमवारी. विचारले, काहून शेठ? म्हणाले, काटा तपासताना तुम्ही नको.
घरी सांगितले, सोमवारची सुट्टी फक्त सीनियर लोकांना देतात. पुष्पा भाकरी थापत राहिली.

८ सप्टेंबर, सोमवार
सुट्टी. सवयीने बूट घातले. दहाच्या सुमारास ममताला फोन करून विचारले, काही अडचण? म्हणाली, झालं सर, शून्य बरोबर आहे.
पुष्पा भावाकडे डबा घेऊन निघाली. त्याला अजून डाव्या हाताने घास घेता येत नाही, ती भरवते. म्हटले, मीही येतो. ती म्हणाली, कायले?
बूट काढून ठेवले.